आमसुलांनी घासलेला सेन्सर

गाडीच्या बहुतेक भागांना मेकॅनिकने घासावं, तेल पाजावं, वेळ पडली तर हातोडीचे दोन ठोकेही घालावेत, त्यांची तक्रार नसते. एक भाग मात्र असा आहे की त्याला जितकं कमी शिवाल तितका तो खूश. त्याचं नाव ऑक्सिजन सेन्सर. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमचं गॅरेज होतं. तिथे माझी हयात गेली, आणि शेवटची वीसेक वर्षं या बोटभर वस्तूने मला जेवढं सतावलं तेवढं अख्ख्या इंजिनाने सतावलं नाही.

हे काय प्रकरण आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इंजिनात पेट्रोल जळतं आणि धूर सायलेन्सरकडे निघतो. त्या वाटेवर पाइपाला एक भोक असतं, आतून आटे पाडलेलं, आणि त्यात हा सेन्सर स्क्रूसारखा फिरवून बसवलेला असतो. धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे तो बाहेरच्या हवेशी ताडून बघतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. मग कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल कमीजास्त करतो. गिऱ्हाइकाला मी सांगायचो, हे गाडीचं नाक आहे. नाक चोंदलं की गाडी उगाच जास्त पेट्रोल पिते, काळा धूर सोडते, सिग्नलला थरथरते आणि नेमकी हिरवा दिवा लागला की बंद पडते.

या नाकाच्या आत चिनी मातीच्या जातीची एक नळी असते. सेन्सर हातातून पडला तर बाहेरून काही दिसत नाही, पण आत तडा जातो. टोकाला तेलकट बोट लागलं तर ते तेल तिथेच जळून बसतं. मागून वायरी निघतात, त्यांच्या कडेकडेने तो बाहेरची हवा घेतो, म्हणून तिथे ना ग्रीस चालत ना पाणी. नवीन सेन्सरच्या आट्यांना कंपनीच राखाडी लेप लावून पाठवते, पुढे काढताना जाम होऊ नये म्हणून. तो पुसायचा नाही. टोकावर प्लॅस्टिकची टोपी असते, ती बसवायच्या वेळी काढायची. साफ करायचं असेल तर ज्या भोकात तो बसतो त्याचे आटे साफ करायचे, तेही कोरड्या ब्रशने. बस, इतकंच काम. हे इतकंच लोकांना समजावण्यात माझा घसा गेला.

कारण आपल्याकडे माणसाला कुठलीही वस्तू पुसल्याशिवाय चैन पडत नाही. मुलुंडचे एक साहेब होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी सेन्सर स्वतः काढला, रात्रभर पेट्रोलमध्ये भिजत घातला, सकाळी जुन्या टूथब्रशने दात घासावेत तसा घासला आणि मोठ्या अभिमानाने माझ्याकडे घेऊन आले. "बघा मिस्त्री, नवा दिसतोय की नाही?" मी तेव्हा पन्नाशीत होतो आणि जिभेला हाड नव्हतं. चार गिऱ्हाइकं उभी असताना म्हणालो, "साहेब, तुम्ही याला आंघोळ घालून मारलंत." सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. ते पुन्हा आले नाहीत. गोराईच्या एका मासळीवाल्याचा टेम्पो यायचा. खाऱ्या हवेने त्याचा सेन्सर पाइपातच असा गंजून बसला होता की आम्ही दोन दिवस त्याच्याशी झुंजलो. तो मासळीवाला मात्र शहाणा. म्हणाला, "मी हात लावलेला नाय हां, तूच काय तो बघ." असं गिऱ्हाईक विरळच.

पण मला सांगायचं आहे ते महेशच्या आईबद्दल.

महेश आमचं जुनं गिऱ्हाईक. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. माणूस हसरा, व्हॅन नेहमी लखलखीत. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा रिकामं बसण्यापेक्षा तो व्हॅनमधून घरोघर भाजी पोचवायला लागला. दुसऱ्या लाटेत तो गेला. बायको अश्विनी आणि आई मागे राहिल्या, दोघी एका खोलीत. व्हॅनमुळेच त्याला आजार लागला, हे आईच्या मनाने घेतलं. त्यांनी व्हॅन विकायचा धोशा लावला. अश्विनीने विकली नाही. ती गाडी शिकली, लायसन्स काढलं, परवाने केले आणि शाळा सुरू झाल्यावर नवऱ्याच्या जागी स्वतः बसली. तेव्हापासून घरात व्हॅनचं नाव निघत नसे. मावशी, म्हणजे महेशची आई, व्हॅन उभी असे त्या बाजूने जातही नसत. बाजारात जायचं तर गल्लीला वळसा घालून जायच्या. हे मला अश्विनीनेच सांगितलं होतं, सीटवर बसून, समोर बघत, जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगतेय.

महेश जाऊन दोन वर्षं झाली त्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधी व्हॅन पुलावर दोनदा बंद पडली, आत अकरा मुलं. पालक घाबरले. सुट्टीनंतर पुन्हा असं झालं तर दुसरी व्हॅन बघू, असं त्यांनी अश्विनीला स्पष्ट सांगितलं. शाळा सोमवारी उघडणार होती. शनिवारी सकाळी गाडी घेऊन ये, असं मी तिला सांगितलं. सेन्सर गेला होता, शंका नव्हती. "शुक्रवारीच दुकानातून नवीन घेऊन ठेव," मी म्हणालो, "आणि अश्विनी, बॉक्स उघडू नकोस. उघडायचा तो मी."

शनिवारी ती वेळेवर आली. बॉक्स माझ्या हातात दिला. मला तो हलका वाटला. उघडला तर आत नुसता पुठ्ठा.

"अगं, सेन्सर कुठाय?"

"काका, देवाशप्पथ, मी हातच नाही लावला!" तिचा चेहरा पांढरा पडला. "रात्री फळीवर ठेवला होता. सकाळी तसाच उचलून आणला."

आम्ही व्हॅनमध्ये शोधलं, सीटखाली शोधलं. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला मावशी दिसल्या. सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात स्टीलचा डबा धरून चढावरून येत होत्या. अश्विनी पंधरा मिनिटांपूर्वीच घरून व्हॅनने निघाली होती, मावशी तिच्या मागोमाग चालत आल्या. दम लागला होता. त्यांनी डबा माझ्यापुढे धरला.

"घे बाबा. गो अश्विनी, खोको रिकामोच घेऊन इलंस. ह्यो खिडकीत सुकत घातलेलो."

सुकत? मी डब्याचं झाकण काढलं. आत तुळशीच्या पानांवर सेन्सर ठेवला होता आणि मी माझ्या उभ्या आयुष्यात इतका चकचकीत सेन्सर पाहिलेला नाही. आटे तर आरशासारखे. राखाडी लेपाचा मागमूस नाही. टोपी काढलेली. टोकाच्या जाळीत हळद, त्यावर कुंकू, आणि वर तेलाचं बोट. वायरीसुद्धा ओल्या फडक्याने पुसलेल्या दिसत होत्या.

"नवीन वस्तू आणि अशी मळकी," मावशी सांगायला लागल्या. "दुकानदारान फसवल्यान हिका. सोलां नि मीठ घेतलंय आणि समईसारखो घासून काढलंय. मगे तीन पाण्यांनी धुतलंय." सोलां म्हणजे आमसुलं. कोकणातल्या बायका तांब्या-पितळेची भांडी त्यांनीच उजळवतात.

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. काय झालंय ते तिला कळलं होतं. पण मी बघत होतो मावशींकडे. त्या व्हॅनपासून दोन हातांवर उभ्या होत्या. दोन वर्षं जिच्यावरून नजर फिरवली त्या गाडीसाठी ही बाई पहाटे उठून एक भाग घासत बसली होती, आणि तो घेऊन चढावरून चालत आली होती. आता मी जर म्हणालो की तुम्ही याची वाट लावलीत, तर त्या डबा घेऊन परत जातील आणि पुन्हा या गाडीकडे ढुंकूनही बघणार नाहीत. आणि तोच सेन्सर बसवला तर सोमवारी गाडी पुन्हा पुलावर बंद पडेल, अकरा मुलांसकट. मला त्या बँकेतल्या साहेबांचे लाल कान आठवले.

मग मी एक हुशारी केली. या लेखात कबूल करायची गोष्ट असेल तर ती हीच.

"झकास केलंत, मावशी," मी म्हणालो. "बसा, चहा घ्या. मी बसवतो." त्यांना सावलीत स्टूल दिलं, चहा मागवला आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्या दत्ताला बाजूला घेतलं. आम्ही दोघं बरोबरीचे, तीस वर्षांची ओळख.

"दत्ता, असाच दुसरा घेऊन ये. स्कूटर काढ, पळ."

त्याने डब्यात डोकावून पाहिलं. "आयला, कांबळे! याची तर पूजाच झाली रे."

"हळू बोल यार. म्हातारीला कळता कामा नये."

दत्ता अर्ध्या तासात आला, बॉक्स शर्टाच्या आत लपवून. तोवर मी जुना सेन्सर काढून ठेवला होता. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट वर उचलली की सगळं हाताशी येतं. मी मावशींकडे पाठ करून नवा बॉक्स फोडला, त्यांचा सेन्सर फडक्याखाली सरकवला आणि नवा हातात घेतला. आता टोपी काढणार, तोच मागून आवाज आला.

"ह्यो माजो नाय."

त्या केव्हा उठून मागे आल्या ते मला कळलंच नाही.

"माजो चकचकीत होतो. ह्यो मळको. खोटा कित्या बोलतंस, बाबा?"

जन्मभर भांडी घासलेल्या बाईला स्वतःच्या हातची चमक ओळखता येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. मला लाज वाटली. आजही वाटते. मी नवा सेन्सर बॉक्समध्ये ठेवला, हात पुसले आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"मावशी, चुकलो. तुमचा सेन्सर बसवता येणार नाही."

"बिघाडलो?"

"हो."

"माज्या हातान?"

अश्विनी मध्ये पडली. "नाही हो आई, काका म्हणतात तसं काही..."

"तू गप." त्यांची नजर माझ्यावरच होती. "सांग."

मी सांगितलं. पाणी आत गेलं की काय होतं, मीठ काय करतं, तेल कसं जळून बसतं, आणि तो मळ दिसतो तो मळ कसा नसतो. शांतपणे सांगितलं, जसं त्या साहेबांना सांगायला हवं होतं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या व्हॅनकडे न बघता बोलायला लागल्या.

"हिणा काल फोनार कोणाक तरी सांगल्यान, ऑक्सिजनचो पार्ट आसा म्हणान. रातभर झोप नाय लागली. महेशाक ऑक्सिजन लायलेलो, तेव्हा माका खाली गेटारच थांबवल्यानी. त्याचा तोंड पुसूक दिल्यानी नाय, पाणी पाजूक दिल्यानी नाय. नियमच होतो तसो, कोणाक बोल लावूचो?" त्यांनी डब्यातल्या तुळशीच्या पानांकडे पाहिलं. "मगे ह्यो घरात इलो. म्हटलंय, हेचा तरी आपल्या हातान करूया. माका दुसरा काय येता रे? घासूक-पुसूक येता."

अश्विनीने तोंडाला ओढणी लावली. दत्ता हळूच आपल्या दुकानाकडे निघून गेला. मला काहीतरी बोलणं भाग होतं. सुचलं ते एवढंच, की घासायचं काम अजून शिल्लक आहे.

"मावशी, एक जागा खरंच घासायची आहे," मी म्हणालो. "सेन्सर जिथे बसतो ती. मी तिथे नेहमी दोन हात मारतो नि सोडतो. तुम्ही कराल?"

खरं तर मी घाईघाईत तेवढंच करायचो. मी पितळी तारांचा छोटा ब्रश त्यांच्या हातात दिला. पाणी नको, तेल नको, नुसतं कोरडं, असं बजावलं. जागा मात्र आत होती. तिथे पोचायचं तर व्हॅनच्या पायरीवर चढून, उचललेल्या सीटच्या कडेला हात टेकून वाकावं लागणार होतं, आणि ती सीट महेशची. मावशी थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला, एका हाताने दाराची कड धरली आणि वर चढल्या. मी बॅटरीचा उजेड धरून उभा राहिलो. अश्विनी त्यांच्या पाठीला हात लावून उभी राहिली.

आणि काय घासलं म्हणून सांगू! पंधरा मिनिटं. एकेका आट्यात ब्रश फिरवून काजळी बाहेर काढली. मध्येच माझ्यावर डाफरल्या, "किती घाण ही! तू काय गाडये बनवतंस की घाण सांभाळतंस?" मी म्हटलं, चुकलं. फुंकर मारायला लागल्या, ती मी थांबवली आणि हवेच्या पाइपाने धूळ उडवली. बॅटरीच्या उजेडात ते आटे असे दिसत होते की कंपनीतून निघतानाही दिसले नसतील.

मग मी त्यांना कोरड्या फडक्याला हात पुसायला लावले आणि नवा सेन्सर त्यांच्याच हातात दिला. "इथे मधे नटासारखा भाग आहे ना, तिथेच धरायचा. टोकाला बोट लावायचं नाही. मळ वाटला तरी पुसायचं नाही." त्यांनी तो दोन बोटांत असा धरला की तान्ह्या मुलाचं डोकंही लोक इतकं जपून धरत नाहीत. टोपी मी काढली. सेन्सर त्यांच्या हातून घेऊन आधी हातानेच आट्यांत फिरवला. इतका अलगद गेला की पाना घ्यावासाच वाटेना. शेवटचा पीळ पान्याने दिला, वायर जोडली, सीट खाली केली.

अश्विनीने व्हॅन सुरू केली. इंजिन तापेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी स्कॅनर लावला. त्याच्या पडद्यावर सेन्सरची रेघ दिसते. सेन्सर मेलेला असला तर ती सपाट असते, चांगला असला तर सारखी वरखाली होते. ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मावशी माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"ह्यां काय?"

"तुमच्या गाडीला हवा कळायला लागली, मावशी."

त्या बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या. दवाखान्यात असा पडदा बघायलाही त्यांना मिळाला नव्हता. मी मुद्दाम मशीन लवकर काढलं नाही.

"ह्या माज्याचा काय करतंस?" त्यांनी हळदीकुंकवाच्या सेन्सरकडे बोट केलं. मी म्हणालो, ठेवतो आठवण म्हणून. "आठवण कसली? बिघाडलो तो बिघाडलो," असं म्हणून त्यांनी तुळशीची पानं तेवढी पदराला बांधली, सेन्सर उचलला आणि भंगाराच्या पिंपात टाकला.

निघायची वेळ झाली. अश्विनी सवयीने म्हणाली, "आई, मी पुढे होते. तुम्ही या सावकाश."

मावशी वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या, दार उघडलं, लुगडं सावरलं आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या. रिकामा डबा मांडीवर घेतला. अश्विनी जागच्या जागी थिजली होती. मी तिला खूण केली तेव्हा कुठे ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

मावशी समोरच्या काचेतून बघत होत्या. "सकाळी किती वाजता काढतंस गाडी?" त्यांनी विचारलं.

एका खोलीत शेजारी शेजारी झोपणाऱ्या सासूने सुनेला दोन वर्षांनी विचारलेला हा प्रश्न. अश्विनी रोज अंधारात उठायची, आवाज न करता आवरायची आणि निघायची. सासू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. ती जागी असते हे अश्विनीला ठाऊक होतं. हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं.

"सव्वासहाला," अश्विनी म्हणाली.

"सोमवारी माका साडेपाचाक उठव. चाय मी ठेवतंय. उपाशी पोटान पोरांची गाडी चालवूची नाय."

अश्विनीचा हात किल्लीवर तसाच राहिला. तिने कपाळ स्टीअरिंगला टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी पाठ फिरवून पाने पुसायला घेतले. मग मावशींचा आवाज आला.

"चालव गो. मी बसलंय."